ज्या दाराने डोपामाइन, त्याच दाराने विष

आमच्या कोल्हापूर भागात शेतात कीटकनाशक किंवा तणनाशक फवारण्याला शेतकरी सहसा फवारणी म्हणत नाहीत. त्याला 'औषध मारणे' म्हणतात. बांधावरचे तण जाळायचे असो की वांग्यावरची अळी मारायची असो, दुकानातून आणले जाते ते औषध, पाठीवरच्या पंपात ओतले जाते ते औषध, आणि दुर्दैवाने कुणाच्या पोटात गेले तरी 'त्यानं औषध प्यालं' असेच सांगितले जाते. मी 22 वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत आहे आणि हा शब्द लहानपणापासून ऐकत आले आहे. तरीही त्याच्यापाशी मी कधी थांबले नव्हते. थांबले ती माझ्या चुलत्यांमुळे, म्हणजे आबांमुळे. भोगावतीकाठच्या आमच्या गावच्या घरी सोप्यातल्या कोनाड्यात आबांच्या गोळ्यांचा डबा असतो, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, परड्यातल्या छपरात, त्यांचा जुना फवारणीचा पंप खुंटीला टांगलेला असतो. काकी गोळ्यांच्या डब्याला 'औषधाचा डबा' म्हणतात आणि पंपाला 'औषधाचा पंप'.

आबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, आहे. त्याचे पहिले लक्षण आमच्यापैकी कुणालाच ओळखता आले नाही, कारण ते कंप नव्हतेच. उसाची तोड, टनेज, बिलाचे हप्ते, पाणीपट्टी असा सगळा हिशेब आबा एका लांब वहीत ठेवत आणि त्यांचे अक्षर मोठे, ठसठशीत होते. नंतर मी ती वही मागची पाने उलटत पाहिली, तेव्हा आजार जाहीर होण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधीपासून ओळीची सुरुवात नेहमीच्या आकाराची आणि शेवट मात्र किरटा होत गेलेला दिसला; काही ओळींच्या टोकाला तर आकडे इतके बारीक झाले होते की शून्य आणि टिंब यांत फरक उरला नव्हता. त्याच काळात त्यांचा उजवा खांदा आखडला. शहरातल्या एका डॉक्टरांनी तो खांद्याचाच विकार समजून दीड वर्ष शेक आणि व्यायाम दिला, गावात कुणी 'वारं गेलंय' म्हटले, कुणी वयावर घातले. चालताना त्यांचा उजवा हात हलत नाही हे अखेर काकींच्या लक्षात आले, आणि मग मेंदूविकारतज्ज्ञांनी पाच मिनिटांत निदान केले.

निदानानंतरच्या एका रविवारी मी आबांना समजावून सांगत होते की मेंदूच्या तळाशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करणाऱ्या काही पेशी असतात, त्या हळूहळू मरतात आणि म्हणून हालचाल मंदावते. काही रसायनांनी नेमक्या ह्याच पेशी मरू शकतात, हेही मी बोलण्याच्या ओघात सांगितले. आबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "पोरी, एवढ्या अंगातनं नेमक्या तेवढ्याच पेशी कशा घावल्या त्याला?" वर्गात गेल्या कित्येक वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. त्याचे उत्तर मी त्या दिवशी नीट दिले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मानवी मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी मध्यमस्तिष्काच्या ज्या पट्ट्याला सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे शब्दशः 'काळा पदार्थ', म्हणतात, तिथल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी दोन्ही बाजूंच्या मिळून 4 ते 6 लाखांच्या घरात आहेत. एवढ्या मोठ्या संसारात हे मूठभर म्हणावे इतकेच मनुष्यबळ. मात्र यांतली एकेक पेशी आपला अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारा लांब धागा, झाडाच्या मुळ्यांसारखा असंख्य फांद्यांनी पसरवते, आणि माणसात एका पेशीची संपर्कस्थाने दहा लाखांहून अधिक असावीत असा अंदाज आहे. एवढा पसारा जिवंत ठेवायचा तर ऊर्जा अखंड लागते. शिवाय ही पेशी दुसऱ्या कुणी चेतवण्याची वाट न पाहता स्वतःच ठरावीक लयीत ठोके देत राहते. त्या प्रत्येक ठोक्याबरोबर कॅल्शियम आत येते आणि ते बाहेर काढण्यासाठी पुन्हा ऊर्जा खर्ची पडते. थोडक्यात, ही पेशी मुळातच तारेवर चालणारी आहे. तिच्याकडे शिलकीत फारसे काही नसते.

आता तिचा कारखाना पाहू. डाळीतून, दुधातून, मटणातून मिळणाऱ्या टायरोसिन या अमिनो आम्लापासून ती लेव्होडोपा बनवते आणि लेव्होडोपापासून डोपामाइन. तयार झालेले डोपामाइन पेशीत मोकळे ठेवणे धोक्याचे असते, कारण ते ऑक्सिजनशी संयोग पावून क्विनोन नावाची विघातक संयुगे तयार करते, आणि विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचे विघटन झाले तरी हायड्रोजन पेरॉक्साइड मागे राहते. म्हणून पेशी ते लगोलग सूक्ष्म पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, भरून टाकते. संदेश द्यायची वेळ आली की या पुटिका संपर्कस्थानी रिकाम्या होतात. काम झालेले डोपामाइन मात्र वाया जाऊ दिले जात नाही. पेशीच्या पटलावर डोपामाइन वाहून आणणारी प्रथिने बसवलेली असतात, ती बाहेरचे डोपामाइन उचलून पुन्हा आत घेतात. दूध घालून झाल्यावर डेअरीवरून रिकामी किटली घरी परत यावी आणि संध्याकाळी तीच पुन्हा भरली जावी, तसा हा व्यवहार आहे. ज्या 'नेमक्या'पणाबद्दल आबांनी विचारले त्याचे मूळ या काटकसरीत आहे. हे वाहक प्रथिन रेणूचा आकार आणि त्यावरचा विद्युतभार ओळखते; डोपामाइनसारखा दिसणारा, पण डोपामाइन नसलेला रेणू समोर आला तर तोही ते तितक्याच तत्परतेने आत घेऊन येते.

असा एक रेणू खरोखरच सापडला, आणि तो कुठल्याही प्रयोगशाळेत मुद्दाम शोधला गेला नाही. 1982 मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात काही तरुण व्यक्ती अचानक पुतळ्यासारख्या ताठ होऊन रुग्णालयात आल्या. शुद्धीवर असूनही त्यांना बोलता येत नव्हते, हलता येत नव्हते. सत्तरीतल्या कंपवाताच्या रुग्णाची पुढच्या टप्प्यातली अवस्था ऐन तारुण्यात काही दिवसांत आली होती. विल्यम लँगस्टन या मेंदूविकारतज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा सर्वांनी एकाच प्रकारचे बनावट हेरॉइन टोचून घेतल्याचे निष्पन्न झाले. पेथिडीन या वेदनाशामकासारखे एक नशा आणणारे संयुग चोरून बनवताना कुणा अडाणी रसायनकाराच्या हातून प्रक्रिया चुकली होती आणि त्या पुडीत एमपीटीपी नावाचे भलतेच संयुग तयार झाले होते. 1983 मध्ये लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याआधी 1976 मध्ये मेरिलँडमध्ये रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने हीच चूक स्वतःच्या प्रयोगशाळेत स्वतःवर करून घेतली होती, आणि 1979 मध्ये ती हकीकत छापूनही आली होती. मात्र संशोधकांनी संशयित मिश्रण मोठ्या उंदरांना टोचून पाहिले आणि त्यांच्यावर कायमचा परिणाम दिसला नाही, त्यामुळे धागा तिथेच सुटला. मोठे उंदीर या विषाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, माकडे आणि माणसे मात्र देतात, हे नंतर कळले. प्रयोगासाठी प्राणी निवडताना झालेली एक चूक किती वर्षे खाऊ शकते याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगते.

एमपीटीपीची पुढची वाटचाल मला या सर्व विषयातला सर्वांत थरारक भाग वाटते. विशेष म्हणजे एमपीटीपी स्वतः विषारी नाही. ते स्निग्ध पदार्थांत सहज विरघळते, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो अडसर बहुतेक रसायनांना थोपवून धरतो तो ते बिनदिक्कत ओलांडते. आत गेल्यावर ते प्रथम चेतापेशींच्या आसपास राहून त्यांची देखभाल करणाऱ्या तारकापेशींमध्ये शिरते. या पेशींत मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी नावाचे विकर असते आणि नको असलेली रसायने निकालात काढणे हे त्याचे काम. ते एमपीटीपीलाही निकालात काढायला जाते आणि त्या प्रयत्नात त्याचे रूपांतर एमपीपी-प्लस या धनभारित रेणूत करते. खरे विष ते हेच. घरात साफसफाई करणाऱ्यानेच कचऱ्यातल्या सुरीला धार लावून द्यावी, असा हा प्रकार आहे. हे अनुमान नुसते कागदावर राहिले नाही. त्या विकराला आधीच रोखून धरणारे औषध दिले तर प्राण्यांमध्ये एमपीटीपीचा घात होत नाही, हे 1984 मध्ये दाखवून दिले गेले.

तारकापेशीतून बाहेर पडलेला एमपीपी-प्लस भारित असल्यामुळे सहसा कुठल्याच पेशीच्या पटलातून आपोआप आत जाऊ शकत नाही. इतर चेतापेशी त्यामुळेच बऱ्यापैकी वाचतात. डोपामाइन पेशीच्या दारातले वाहक प्रथिन मात्र त्याला डोपामाइन समजते आणि उचलून आत घेते, पुन्हा पुन्हा घेत राहते, बाहेर अत्यल्प प्रमाणात असला तरी आत त्याचा साठा करते. 1985 मध्ये ही गोष्ट सिद्ध झाली. पुढे जनुकीय बदल करून ज्या उंदरांत हे वाहक प्रथिनच नाहीसे केले होते, त्यांच्या डोपामाइन पेशींना एमपीटीपीने इजा होत नाही असे 1997 मध्ये दिसून आले. आबांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ते असे की विषाला त्या पेशी घावल्या नाहीत. त्या पेशींनी विषाला घरात बोलावले, कारण ते त्यांच्या ओळखीच्या माणसाचा सदरा घालून आले होते.

आत आल्यावरही सगळे संपत नाही. मघाशी ज्या पुटिकांचा उल्लेख केला, त्यांच्या तोंडाशीही एक वाहक प्रथिन असते. ते डोपामाइन पुटिकेत भरते आणि ओघाने एमपीपी-प्लसही भरते. पुटिकेत कोंडलेले विष निरुपद्रवी असते. म्हणजे पेशीचे एक दार विष आत आणते आणि दुसरे ते कोठडीत टाकते. पेशी तगेल की मरेल हे या दोन दारांच्या हिशेबावर ठरते. सबस्टॅन्शिया नायग्राच्या अगदी शेजारच्या भागातही डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी आहेत, पण तिथे पहिले दार तुलनेने कमी आणि दुसरे अधिक आहे, आणि एमपीटीपीत असो वा कंपवातात, त्या शेजारणी पुष्कळ अधिक टिकतात. या दुसऱ्या दाराच्या शोधाची गोष्टही मोठी गमतीची आहे. 1992 मध्ये संशोधकांनी एमपीपी-प्लसमुळे मरणाऱ्या साध्या पेशींमध्ये एकेक करून परकी जनुके घालून पाहिली आणि कुठल्या जनुकामुळे त्या जगतात ते तपासले. जे जनुक हाती आले ते पुटिकेच्या अशाच वाहक प्रथिनाचे निघाले. अशा पेशींत प्रत्येक क्षणी चाललेल्या एका मूलभूत कामाचा पत्ता अशा रीतीने एका विषाने सांगितला.

कोठडीत न अडकलेला एमपीपी-प्लस शेवटी तंतुकणिकांमध्ये साठतो. तंतुकणिका म्हणजे पेशीचे वीजघर. तिथे इलेक्ट्रॉन एका प्रथिनसमूहाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि त्या ओघात पेशीचे इंधन असलेले एटीपी तयार होते. या साखळीतला पहिला दुवा, ज्याला कॉम्प्लेक्स-1 म्हणतात, तोच हा रेणू अडवून बसतो. परिणाम दुहेरी होतो. एकीकडे एटीपी कमी पडते, दुसरीकडे अडकून राहिलेले इलेक्ट्रॉन वाट मिळेल तिथे ऑक्सिजनला चिकटून मुक्त मूलके, म्हणजे दिसेल त्या रेणूवर तुटून पडणारे अतिक्रियाशील कण, तयार करतात. हे मला आबांना समजावता आले, कारण त्यांची अर्धी हयात नदीवरच्या मोटारीपाशी गेली आहे. रात्रीच्या लाइटीला दाब कमी आला की मोटार बंद पडत नाही, ती ओढत राहते, जास्त करंट घेते, तापते, आणि सकाळी वायंडिंग जळालेले सापडते. डोपामाइन पेशीचे तसेच होते. ठोके थांबवण्याची सोय तिच्याकडे नसते, लाखो संपर्कस्थानांचा भार कमी करता येत नाही, पुटिका भरण्यासाठीही इंधन लागते. ते कमी पडले की डोपामाइन पुटिकेबाहेर मोकळे राहू लागते, आणि मोकळे डोपामाइन स्वतःच विघातक असल्याचे वर आलेच आहे. शिवाय या पेशींत लोह बरेच असते, आणि लोहाच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइडपासून याहूनही तीव्र मूलके तयार होतात. इतका वेळ जो आपला माल होता, तोच पेशीवर उलटतो.

एमपीटीपीमुळे कंपवाताच्या संशोधनाची दिशा बदलली, यात शंका नाही. तोवर या आजारासाठी माकडांमध्ये विश्वासार्ह प्रतिरूप नव्हते. पण जगातल्या लक्षावधी रुग्णांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनीसुद्धा एमपीटीपी पाहिलेले नाही. जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे वर्णन 1817 मध्येच केले होते आणि आयुर्वेदातले कंपवाताचे उल्लेख त्याहून कितीतरी जुने आहेत. मग या बनावट पुडीचा सामान्य रुग्णाशी संबंध काय? संबंध कॉम्प्लेक्स-1 चा आहे. ज्यांचा कुठल्याही विषाशी ज्ञात संपर्क नव्हता अशा कंपवाताच्या रुग्णांच्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्येही हाच दुवा दुबळा झालेला असल्याचे लंडनच्या संशोधकांना 1989 मध्ये आढळले. विषाने दाखवलेली वाट आणि आजाराची वाट निदान एका वळणावर एकत्र येतात, एवढे त्यावरून म्हणता येते.

दाराचा मुद्दा आणखी दोन रसायनांकडे पाहिले की स्पष्ट होतो. 6-हायड्रॉक्सिडोपामाइन हे नावाप्रमाणेच डोपामाइनचे सख्खे भावंड. ते रक्तातून मेंदूत जात नाही, म्हणून स्वीडनच्या अर्बन उंगरस्टेट यांनी 1968 मध्ये ते उंदरांच्या मेंदूत थेट टोचले; तेही त्याच वाहक प्रथिनाने आत जाते आणि आत गेल्यावर आपोआप ऑक्सिडीकरण पावून पेशी जाळते. रोटेनोन याच्या उलट आहे. काही शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांत सापडणारे हे विष पूर्वापार मासे मारण्यासाठी वापरले गेले आणि पुढे 'नैसर्गिक' कीटकनाशक म्हणून विकले गेले. त्याला कुठल्याही दाराची गरज नाही; ते स्निग्धविद्राव्य आहे आणि सर्व पेशींत सारखेच शिरून कॉम्प्लेक्स-1 अडवते. टिमोथी ग्रीनमायर यांच्या अटलांटामधील गटाने 2000 साली ते उंदरांना दीर्घकाळ थोडे थोडे दिले, तेव्हा मेंदूभर कॉम्प्लेक्स-1 सारखेच अडूनही मेल्या त्या प्रामुख्याने डोपामाइन पेशीच. दार हे सर्वस्व नाही, हे इथे मान्य करावे लागते. सगळ्या गावाची लाइट सारखीच कमी झाली, तरी जळते ती आधीच भाराने टेकीला आलेली मोटार. (जे नैसर्गिक ते निर्धोक, असे मानणाऱ्या माझ्या नातलगांना मी रोटेनोनचे नाव वहीत लिहून देते.)

आता पॅराक्वाटकडे येते, कारण आबांच्या बाबतीत मला खरी चुटपुट त्याचीच आहे. पॅराक्वाट हे तणनाशक हिरव्या पानावर पडले की काही तासांत पान करपते, म्हणून बांध आणि सऱ्या साफ करण्यासाठी ते शेतकऱ्याला सोयीचे वाटते. त्याची रेणुरचना एमपीपी-प्लसच्या इतकी जवळची आहे की 1983 नंतर संशोधकांचे लक्ष त्याच्याकडे जाणे अपरिहार्य होते. एमपीपी-प्लस हाच रेणू पूर्वी तणनाशक म्हणून आजमावला गेला होता, हीही नोंद आहे. साधर्म्य असले तरी दोघांचे काम करण्याचे तंत्र एक नाही. पॅराक्वाट कॉम्प्लेक्स-1 अडवण्यापेक्षा इलेक्ट्रॉन घेण्या-देण्याचा फेरा न थांबता चालवत मुक्त मूलके तयार करते. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या पाहणीत, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांमध्ये कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. त्याच लोकांच्या पुढच्या विश्लेषणात, हातमोजे वापरणाऱ्यांमध्ये पॅराक्वाटशी असा संबंध दिसला नाही. युरोपीय संघात या तणनाशकावर 2007 पासून बंदी आहे आणि आपल्याकडे केरळने 2011 मध्ये ते थांबवले.

हातमोजे! मला आठवतो तो आबांचा पंप. त्याची टाकी झाकणापाशी झिरपत असे, आणि डाव्या पट्ट्याच्या खाली त्यांच्या बंडीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, एक ओला ओघळ पडत असे. फवारणी झाल्यावर ते मोटारीच्या पाण्यावर हातपाय धूत आणि तीच बंडी अंगात ठेवून जेवायला बसत. नळीचे तोंड तुंबले तर ते नोझल काढून ओठांना लावून फुंकत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि मी तेव्हा रसायनशास्त्राची पदवी घेत असूनही काही बोलले नव्हते. आबा काय फवारत होते ते मला ठामपणे सांगता येत नाही, कारण बाटल्यांची नावे त्यांना आठवत नाहीत. तणाचे, अळीचे आणि माव्याचे अशी त्यांची वर्गवारी. एका माणसाचा आजार एका बाटलीच्या नावावर लावणे शास्त्राला मान्य होणार नाही आणि मलाही ते करायचे नाही. वय, जनुके, अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि आयुष्यात एकदाही शेतात न गेलेल्या लोकांनाही कंपवात होतो. तरीही ती ओली बंडी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करते. गावात विषबाधा म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो फवारणी करता करता चक्कर येऊन पडलेला, तोंडाला फेस आलेला माणूस. ती बहुधा ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातल्या कीटकनाशकांची बाधा असते. ती रसायने ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकाचे विघटन करणारे विकर बंद पाडतात, त्यामुळे संदेश थांबतच नाही. वेळेवर उपचार झाले तर माणूस वाचतो. डोपामाइन पेशींच्या ऱ्हासात असे काहीच घडत नाही. रुग्णाच्या अंगावर लक्षणे उमटतात तोवर सबस्टॅन्शिया नायग्रातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात आणि त्यांच्या तंतूंच्या टोकाशी मिळणारे डोपामाइन त्याहूनही अधिक घटलेले असते. 'मला तर कधी काही झालं न्हाई' हे आबांचे म्हणणे त्यामुळे खरेही आहे आणि निरुपयोगीही.

आमच्या शहराला फौंड्रीचे शहर म्हणतात, म्हणून ओतकामात वापरल्या जाणाऱ्या मँगनीज या धातूबद्दल विचारणा होते. स्कॉटलंडमध्ये मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांचे विकार जॉन कूपर यांनी 1837 मध्येच नोंदवले होते, आणि या धातूची धूळ किंवा धूर वर्षानुवर्षे श्वासावाटे गेला तर कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. पण मँगनीजचा मुख्य मारा वेगळ्या केंद्रावर, ग्लोबस पॅलिडसवर, असतो. डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी त्यात बऱ्याच अंशी शाबूत राहतात, आणि म्हणूनच कंपवातावर दिली जाणारी लेव्होडोपाची गोळी अशा रुग्णांना फारशी लागू पडत नाही.

आबांना मात्र ती लागू पडते, आणि तिच्यामुळेच दाराची गोष्ट आमच्या घरात पुन्हा निघाली. डोपामाइन थेट दिले तर ते मेंदूत पोचत नाही. त्याच्या आधीच्या पायरीवरचे लेव्होडोपा पोचते आणि उरलेल्या पेशी त्याचे डोपामाइन करतात. 1960 च्या सुमारास ओलेह होर्निकिएविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन घटल्याचे दाखवले आणि 1967 मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन रुग्णांना हिंडते-फिरते केले. आपल्या रानांत वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतून हेच संयुग मद्रासच्या संशोधकांनी 1937 मध्येच वेगळे केले होते. गावातून तिचे चूर्ण आणून देणारे हितचिंतक आम्हालाही भेटले. त्यात लेव्होडोपा असते हे खरे, पण एका चमच्यात किती, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून मी ते गोळीसोबत घेऊ दिले नाही.

सकाळची गोळी काही दिवस चढते आणि काही दिवस चढतच नाही, अशी आबांची तक्रार होती. त्यामागचे कारण हुडकले ते काकींनी. रविवारी मटण झाले की दुपारची गोळी वाया जाते आणि रोज सकाळी म्हशीच्या दुधाच्या पेल्याबरोबर घेतलेली गोळी उशिरा लागते, हे त्यांनी कॅलेंडरवर खुणा करून माझ्यापुढे ठेवले. त्यांचे निरीक्षण अचूक होते. लेव्होडोपा हे अमिनो आम्लाच्या जातीचे असल्यामुळे ते आतड्यातून आणि पुढे मेंदूच्या अडसरातून अमिनो आम्लांसाठी असलेल्या वाहकांवरूनच जाते. दूध किंवा मटण पचून अमिनो आम्लांची गर्दी झाली की त्या दारात रांग लागते आणि लेव्होडोपा मागे राहते. मी हे सांगितले तेव्हा आबांनी विचारले, "म्हंजे ह्यालाबी दार हाय?"

आहे, आणि पॅराक्वाटसुद्धा मेंदूत शिरताना बहुधा तेच दार वापरते. पॅराक्वाट भारित असल्याने आपोआप आत जाऊ शकत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत आधी लेव्होडोपा किंवा व्हॅलिनसारखे अमिनो आम्ल दिले, तर पॅराक्वाटमुळे होणारी डोपामाइन पेशींची हानी टळते, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. सोप्यातल्या डब्यातले औषध आणि छपरातल्या पंपातले औषध एकाच दारात उभे राहतात. हे मी आबांना सांगावे की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला आणि मग सांगितले. ते काही वेळ भिंतीकडे पाहत बसले. मग त्यांनी काकींना हाक मारून विचारले, "मग सकाळी दूध आधी का गोळी आधी?"

"गोळी आधी, आबा," मी म्हणाले. "दूध तासाभरानं." काकींनी ओट्यावरचा भरलेला पेला उचलून परत पातेल्यात ओतला आणि वर झाकण ठेवले.